जिन्याचा नंबर

दुसऱ्या कुणाला काम करताना मला बघवत नाही. याचा अर्थ मी दयाळू आहे असा मुळीच नाही. माझ्यापेक्षा हळू कुणी काही करत असेल तर माझे हात शिवशिवतात, एवढंच. मिरजेला आमच्या शेजारच्या काकू मी आले की कणकेची परात स्वतःकडे ओढून घ्यायच्या. बाबा मला फौजदार म्हणायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण ग्लासगोत मी जो घोळ घातला तो या स्वभावापायी घातला, आणि घालत असताना मला वाटत होतं की मी पुण्य जोडतेय.

नऊ वर्षं झाली त्याला. विमानांच्या रचनेचा एक वर्षाचा मास्टर्स करायला मी तिथे गेले होते. पार्टिक भागात एका जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. सोबत होती तनिषा. ती लंडनजवळच्या इल्फर्डची, तिथेच जन्मलेली, आईवडील डोंबिवलीचे. तिला मराठी यायचं, पण लिंगं सगळी लॉटरीसारखी निघायची. 'माझा मम्मी', 'तुझी फोन'. पहिल्या आठवड्यात मी दुरुस्त करत होते. मग तिने सांगितलं, "तू माझं इंग्लिश करेक्ट करत नाहीस ना, कारण तुला ते जमत नाही. सो आपण फिट्टंफाट." तेव्हापासून मी गप्प.

इंग्रजी मला येतं असं मी मिरजेहून समजून निघाले होते. प्रोफेसरांचं समजायचंही. पण बसचा ड्रायव्हर, भाजीवाला आणि गॅसचा माणूस यांच्यापुढे मी नुसती हसायचे. महिनाभरात वाऱ्याने तीन छत्र्या उलट्या केल्या, तेव्हा चौथी घ्यायची नाही हे शिकले. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं हेही शिकले. दर शुक्रवारी आम्ही दोघी ट्रेन बदलून मेथीची जुडी आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचो. ती जुडी मी परत येताना मांडीवर घेऊन बसायचे आणि शेजारच्या माणसाला तिचा वास यायचा. आज मी ब्रिस्टलला राहते, कोपऱ्यावरच्या दुकानात मेथी मिळते, आणि तिला ती चव नाही.

आमच्या मजल्यावर दोनच दारं होती. एक आमचं आणि समोर मिसेस गालब्रेथचं. राहायला येऊन पाच दिवस झाले असतील, सकाळी बघते तर आमच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठा लटकलेला. कोपरे झिजलेले, वर सुतळीचा फास, आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: जिना धुण्याचा नंबर तुमचा.

मला वाटलं चुकून लागलाय. आमच्या मिरजेच्या अपार्टमेंटमध्ये जिना झाडायला शोभाताई यायच्या, त्यांना सोसायटी पगार द्यायची. एक वर्षासाठी आलेल्या भाडेकरणीने, तेही विमानांची गणितं करणाऱ्या, जिना धुवायचा ही कल्पनाच माझ्या डोक्यात शिरेना. मी तो पुठ्ठा काढला आणि समोरच्या मुठीला अडकवून कॉलेजला गेले. संध्याकाळी तो आमच्या मुठीला होता. मी परत तिकडे लावला. सकाळी परत इकडे. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी दार वाजलं.

दारात एक छोटीशी म्हातारी उभी होती. पांढरे केस नीट बसवलेले, ओठांना लिपस्टिक, दोन मोठ्या खिशांचा एप्रन, आणि हातात वाफाळत्या पाण्याची बादली.

"हेन," त्या म्हणाल्या, "ये. दाखवते."

हेन म्हणजे कोंबडी. मला राग आला. ग्लासगोत म्हाताऱ्या बायका मुलींना मायेने तसं म्हणतात हे तनिषाने नंतर सांगितलं.

तर मिसेस गालब्रेथनी मला दाखवलं. आपल्या दारापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या अठरा पायऱ्या आपल्या. एक आठवडा त्यांचा, एक आमचा. वरून सुरुवात करायची, कोपरे आधी ब्रशने, मग फडकं, फडकं पिळून घट्ट. धुऊन झालं की पुठ्ठा समोरच्या मुठीला लावायचा. आसपासच्या इमारतींनी सफाईवाले लावले होते, आमच्या जिन्यात मात्र अजून पुठ्ठा फिरत होता, कारण मिसेस गालब्रेथ अजून होत्या. मी दोन पायऱ्या पुसल्या. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कोपरा राहिला." जन्मभर जगाला शिकवत आलेल्या मला फडकं पिळायला कुणीतरी शिकवत होतं. मुकाट्याने पिळलं.

त्यांचं वय एकोणऐंशी. बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, आणि त्या घरात एकूण एक्कावन्न वर्षं. मुलगी फियोना जवळच्याच स्टर्लिंग गावात. "मला इसोबेल म्हण," त्या म्हणायच्या. आजीच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून शेवटपर्यंत मिसेस गालब्रेथच म्हणत राहिले. त्या माझ्या आसावरी नावाचं आसावेरी करायच्या. दर गुरुवारी संध्याकाळी चहाला बोलवायच्या. चहा इतका दुधाळ की आईने पाहिला असता तर परत उकळला असता. मी त्यांना सांगायचे की तुम्ही तो नीट करत नाही, आणि त्या म्हणायच्या, "मग घरी पी." पुढच्या गुरुवारी मी परत तिथेच.

दिवाळी आली. आईने माझ्या बॅगेत रांगोळीची पिशवी कोंबली होती. आमचाच आठवडा होता. मी जिना धुतला, वाळू दिला आणि दारापुढे ठिपके काढायला बसले. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यात आई होती आणि मला सांगत होती की ओळ वाकडी चाललीय. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. धुतलेल्या फरशीवर पांढरी पूड सांडलीय म्हणून आता बादली येणार, असं वाटलं.

मिसेस गालब्रेथ पुढे येऊन ठिपक्यांकडे बघू लागल्या.

"माझी आई काढायची," त्या म्हणाल्या.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात गडबड झाली. पण त्या आत गेल्या, एप्रनच्या खिशातून पांढऱ्या मातीचा एक खडू घेऊन आल्या आणि कठड्याला धरून पहिल्याच पायरीवर वाकल्या. पायरीच्या कडेला एक सरळ रेघ, तिच्या आत वेटोळी, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. त्यांच्या लहानपणी ग्लासगोच्या बायका जिना धुऊन झाला की अशी नक्षी काढायच्या म्हणे. जिची वेटोळी सुबक ती बाई टापटिपीची, आणि जिने काढलीच नाहीत तिच्याबद्दल अख्खा जिना बोलायचा. मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन महिने मी या गावात परकी म्हणून वावरत होते, आणि इथल्या आज्या उंबऱ्यापुढे पांढरी वेटोळी काढत होत्या.

उठून वर येताना त्यांना धाप लागली. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. त्या आत गेल्या आणि फोनमधून आईचा आवाज आला.

"या बाई जिना धुतात?"

"एक आठवडा त्या, एक आठवडा आम्ही."

"आसावरी, ऐंशीची बाई ती! आणि तुम्ही दोन धडधाकट घोड्या घरात बसून बघता? म्हाताऱ्या माणसाच्या हातात फडकं दिसलं की आपण उठून घ्यायचं, एवढंही मी शिकवलं नाही का गं तुला?"

शिकवलं होतं. आमच्याकडे पाहुणी म्हणून आलेली बाई ताट उचलायला लागली तरी चौघी धावतात. हातातून काम काढून घेणं हाच आमच्याकडे मान. आणि माझे हात तर आधीच शिवशिवत होते.

मिसेस गालब्रेथ दर बुधवारी अकरा ते दोन चर्चच्या हॉलमध्ये जेवायला जायच्या. पुढच्या बुधवारी, त्यांच्या आठवड्यात, त्या कोपऱ्यावरून वळताच मी बादली भरली आणि अठराच्या अठरा पायऱ्या धुऊन काढल्या. कोपऱ्यांसकट. मग त्यांच्या मुठीवरचा पुठ्ठा काढून आपल्या मुठीला लावला. पुढचा आठवडा आमचाच होता.

दोन वाजता त्यांनी दार वाजवलं. "हा माझा आठवडा होता."

"हो, पण मी करतच होते, म्हटलं..."

"तू करत नव्हतीस. मी करणार होते."

"अहो, असू द्या," मी हसून म्हटलं. "तुम्ही आराम करा."

त्यांच्या पुढच्या खेपेलाही मी तेच केलं. या वेळी त्यांनी दार वाजवलं नाही. तिसऱ्या खेपेला, डिसेंबरात, त्या बारीक आवाजात थँक यू म्हणाल्या, आणि मला वाटलं जिंकले. त्यांची बादली आणि ब्रशही मी आमच्या न्हाणीघरात आणून ठेवला, सोयीचं पडतं म्हणून. आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "शहाणी माझी बाय ती."

एवढी शहाणी होते तर मला दिसायला हवं होतं. मिसेस गालब्रेथच्या अंगावरचा एप्रन गेला. पूर्वी त्या दिवसातून दोनदा खाली दुकानात जायच्या, एकदा दुधाला आणि एकदा गप्पांना. आता दूध तनिषाला आणायला सांगू लागल्या. गुरुवारच्या चहाला मी उठून कप विसळायला लागले की म्हणायच्या, "कर, कर." लिपस्टिक कधी असायची, कधी नसायची. मला वाटलं, बरं झालं, आराम करतायत.

जानेवारीत एका शनिवारी मी त्यांच्या आठवड्याचा जिना धूत होते. आता लपवाछपवी उरलीच नव्हती. खालून एक बाई वर आली, पन्नाशीची, चांगला कोट, हातात फुलं. ती फियोना.

"आईचा आठवडा ना हा?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पण मीच करते. नोव्हेंबरपासून."

"नोव्हेंबरपासून?"

आणि मग मी भाषण दिलं. या वयात त्यांनी जिन्यावर वाकणं बरोबर नाही, पाय घसरला तर काय, आमच्याकडे आम्ही वडीलधाऱ्यांना असं काही करूच देत नाही. इंग्रजीतलं माझं ते पहिलं अस्खलित भाषण. फियोनाने माझा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मला तिचा नंबर दिला, काही लागलं तर फोन कर म्हणाली. मी दिवसभर तरंगत होते.

त्या गुरुवारी मिसेस गालब्रेथनी चहा दिला आणि म्हणाल्या, "ईस्टरच्या आधी मी स्टर्लिंगला जातेय. फियोनाच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत. तळमजला. पडलं तर मदतीला बोलवायला ओढायची दोरी असते."

"का?"

"गेल्या वर्षी दुकानासमोर मला चक्कर आली होती. तेव्हापासून ती मागे लागलीय. आम्ही दोघींनी ठरवलं होतं की जोवर मी माझा जिना धुते, तोवर मी इथे. ज्या दिवशी धुवायचं थांबेन, त्या दिवशी वाद न घालता जाईन." त्यांनी कप खाली ठेवला. "ती शनिवारी तुला भेटली."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस?"

"पण तुम्ही थँक यू म्हणालात!"

"तू चांगली मुलगी आहेस. चांगल्या मुलीला माणूस किती वेळा नाही म्हणणार? आणि दोन-तीनदा नाही धुतला, की मलाही वाटायला लागलं, नसेलच जमत आता."

हे शेवटचं वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. त्यांनी मला रागावून सांगितलं असतं तर मी भांडले असते. त्या रागावल्या नव्हत्या.

घरी येऊन मी तनिषाला सांगितलं. ती नूडल्स खात होती. तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "यू नो व्हॉट? तू तिचा काम चोरली." त्या वाक्यात दोन चुका होत्या आणि मी एकही काढली नाही. मग मी न्हाणीघरात गेले. तिथे कोपऱ्यात त्यांची बादली होती, आत ब्रश, आणि ब्रशला गुंडाळलेलं घट्ट पिळलेलं फडकं. मी त्या बादलीशेजारी फरशीवर बसून रडले. भाड्याने आलेली चार दिवसांची पोर मी, एक्कावन्न वर्षांच्या घरातून त्या बाईला उठवायला निघाले होते, आणि वर शाबासकी घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन समोरचं दार वाजवलं.

"मिसेस गालब्रेथ, तुम्हाला विचारायचंय." नाही म्हटलं तरी त्या तीन महिन्यांत मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न होता. "मी फियोनाला फोन करून खरं काय ते सांगू का? तुम्ही मला कधीच बोलावलं नव्हतं, मीच काढून घेतलं, हे? आणि तुमच्या पुढच्या आठवड्याला तिला बघायला बोलवू का?"

त्यांनी बादलीकडे पाहिलं.

"जमलं नाही तर?" त्या म्हणाल्या.

आयुष्यात क्वचितच म्हणते ते मी म्हटलं, "माहीत नाही."

त्यांनी बादली माझ्या हातातून घेतली. "ब्रश वाळवायचा असतो, आसावेरी. असा ओला ठेवलास तर कुजतो."

फियोना यायला तयार नव्हती. फोनवर म्हणाली, तू तेव्हा खरं बोललीस, आता आईची दया येऊन बोलतेयस. मी म्हटलं, मला कुणाची दया येत नाही, मी स्वभावाने दुष्ट आहे, माझ्या घरी कुणालाही विचारा. ती हसली नाही, पण आली.

त्यांच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी दहा वाजता मिसेस गालब्रेथ एप्रन घालून, लिपस्टिक लावून बाहेर आल्या. फियोना खालच्या मजल्याच्या चौकात कोट न काढता उभी राहिली. मी आणि तनिषा आमच्या उंबऱ्यावर बसलो. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

पहिल्या पाच पायऱ्या झकास झाल्या. आधी कोपरे, मग फडकं. सहावीला त्या थांबल्या, पाठ सरळ केली, परत वाकल्या. बादली एकेक पायरी खाली सरकवताना पाणी हिंदकळायचं, आणि प्रत्येक वेळी माझं काळीज. आठवी. नववी. खालून कुणीतरी वर यायला निघालं होतं, ते फियोनाला बघून दारातच थांबलं. अकराव्या पायरीवर मिसेस गालब्रेथनी कठडा धरला आणि डोळे मिटले.

मी उठले. तनिषाने माझा स्वेटर मागून घट्ट पकडला. खाली फियोनाने एक पाय पायरीवर ठेवला होता.

"आसावेरी," मिसेस गालब्रेथ डोळे न उघडता म्हणाल्या, "खाली बस."

मी बसले. फियोनानेही पाय मागे घेतला. मग ब्रशचा आवाज परत सुरू झाला.

अठरा पायऱ्यांना पन्नास मिनिटं लागली. मी ते दहा मिनिटांत उरकायचे. पण शेवटची पायरी पुसल्यावर त्या तिच्यावरच टेकल्या, खिशातून खडू काढला आणि कडेला रेघ मारली. रेघ वाकडी गेली. आतली वेटोळी मात्र एकही चुकली नाही. फियोना बघत होती. "आजीची," ती म्हणाली. मग कोट आवरून ती आईशेजारी त्या ओल्या पायरीवर बसली. दोघी काहीतरी बोलत होत्या ते आम्हाला वरून ऐकू आलं नाही, आणि यावेळी मी कान दिलाही नाही.

नंतर मिसेस गालब्रेथ कठड्याला धरून सावकाश अठराच्या अठरा पायऱ्या वर आल्या. स्वतःच्या मुठीवरचा पुठ्ठा काढला आणि आमच्या मुठीला अडकवला.

"तुमचा नंबर," त्या म्हणाल्या.

ईस्टर आला आणि गेला. त्या कुठेही गेल्या नाहीत. सप्टेंबरात मी ग्लासगो सोडलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या आणि मी माझी बॅग पायऱ्यांवर आपटत नेतेय म्हणून ओरडत होत्या.

मग मला ब्रिस्टलला नोकरी लागली. आम्ही ख्रिसमसला एकमेकींना कार्ड पाठवायचो. तीन वर्षांनी एक जाड पाकीट आलं, आत तो पुठ्ठा, सुतळीसकट, आणि फियोनाचं पत्र. आई मार्चमध्ये गेली, तिने लिहिलं होतं. शेवटचं वर्ष ती स्टर्लिंगला होती. मी नेलं नाही. एका बुधवारी तिनेच फोन केला आणि म्हणाली, या आठवड्यात माझा नंबर चुकला, आता ये आणि मला घेऊन जा. पुठ्ठा समोरच्या मुलीला द्यायचा असं तिने सांगून ठेवलं होतं. मी विचारलं, कुठल्या, तिथे तर दरवर्षी नवीन मुली येतात. तर म्हणाली, जिला कोपरे दिसत नाहीत तिला.

तो पुठ्ठा मी टेबलाच्या खणात ठेवला. अधूनमधून काढून बघायचे. फरशी पुसायच्या औषधाचा वास त्याला अजून आहे असं मला वाटतं. नवरा, यतीन, म्हणतो काही वास नाही.

बाबा गेल्यावर यंदा आईला मी इकडे आणलं. तिला एकाहत्तरावं चालू आहे. पाच महिने झाले. पहिल्या दिवशी ती पोळ्या करायला उठली तेव्हा मी लाटणं काढून घेतलं. भांड्यांना मशीन आहे म्हटलं, कपड्यांना मशीन आहे, तू बस, टीव्ही बघ, आयुष्यभर केलंस. यतीन म्हणाला, करू दे की त्यांना थोडं. मी त्याला गप्प केलं. आई आधी भांडली. मग भांडेनाशी झाली. हल्ली ती खिडकीशी बसते आणि मी चहा दिला की थँक यू म्हणते.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "माझं तिकीट काढ. मला मिरजेला जायचंय."

"तिथे कोण आहे तुझं आता? इथे काय कमी आहे तुला?"

"काही कमी नाही," आई म्हणाली. "तिथे निदान माझी भांडी मला ओळखतात."

मी चिडले. एकटी पडलीस तर कोण बघेल, वगैरे सगळं बोलून घेतलं. आई ऐकून घेत होती. मग बारीक आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू का, आसावरी, आता मला जमेलसंही वाटत नाही. पण निदान बघते तरी."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, दुधाळ चहाच्या कपापलीकडून. एकदा शिकून, त्यावर रडून, मी तेच परत केलं होतं, आणि ज्या बाईने मला म्हाताऱ्यांच्या हातातलं फडकं घ्यायला शिकवलं तिच्याच हातातून ते घेतलं होतं.

सोमवारी सकाळी आई उठायच्या आत मी खणातला पुठ्ठा काढला आणि तिच्या खोलीच्या मुठीला लावला. मग स्वयंपाकघरात टेबलाशी येऊन बसले, हात मांड्यांखाली दाबून.

दार उघडल्याचा आवाज आला. आईला इंग्रजी सावकाश वाचावं लागतं. ती पुठ्ठा हातात घेऊन आली. गोष्ट तिला ठाऊक होती. त्या वर्षी रोज फोनवर ऐकली होती तिने.

"जिन्याला तुझ्या गालिचा आहे," ती म्हणाली. "तो काय धुवायचा? स्वयंपाकघर माझं. एक आठवडा तू, एक आठवडा मी. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "आणि तिकिटाचं?"

"ते माझं मी सांगेन."

तिने पदर खोचला, सिंकखालून फडकं काढलं, ओलं केलं आणि ओट्याच्या एका टोकापासून सुरुवात केली. सावकाश. फार सावकाश. मिक्सरमागचा कोपरा तसाच राहिला आणि ती पुढे गेली. मी जीभ दाताखाली धरली.

"दिसतोय मला तो कोपरा," आई पाठमोरी म्हणाली. "तू खाली बस."